द्राक्षांचे गाव आणि पाण्यातला महाल

भाऊबिजेला आम्ही सहकुटुंब अक्काकडे गेलो होतो. दाजी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला आहेत. त्यांच्या घरी भिंतीवर एक कॅलेंडर होते. त्यावर स्वित्झर्लंडमधल्या एग्ल गावाचे चित्र: मधोमध जुना किल्ला, भोवती द्राक्षमळे, मागे आल्प्सचे डोंगर. त्या किल्ल्यात आता द्राक्षवेल आणि मद्य यांचे संग्रहालय आहे.

"मामा, इथं कधी जायचं?" भाचीने विचारले.

पानाला चुना लावता लावता दाजी म्हणाले, "उद्याच जाऊ. फक्त बर्फ मागू नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही आधी बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला गेलो. लांबट मण्यांची 'सोनाका' ही जात याच गावची. मुलांनी घरून रिकामी पिशवी आणली होती. पण वेलींवर द्राक्षे कुठली? ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि घड हाताशी येतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. आत्ता नुसते कोवळे फुटवे होते. दाजींच्या ओळखीच्या बागाईतदारांनी बुंध्यावरचा कलमाचा सांधा दाखवला. मुळे 'डॉगरिज'ची, म्हणजे मूळची अमेरिकेतल्या टेक्ससची. कमी पाण्यात आणि खारवट जमिनीत तग धरणारी.

"तुमच्याकडे पावसाची वाट बघत असतील नाही?" मी आपला शहरी प्रश्न विचारला.

म्हातारबाबा आभाळाकडे बघत म्हणाले, "सारा पावसाळा वाट बघतो की! पर आता नको. आता दोन दिस झड लागली तर घडकूज होती. औषधाचं, मजुराचं, सोसायटीचं समदं पैसं मातीत."

तिथून सोलापुरात येऊन हैदराबाद रस्त्याला लागलो. सुमारे 45 किलोमीटरवर नळदुर्ग. बोरी नदी अडवून किल्ला आणि शेजारचा रणमंडळ यांच्यामध्ये धरण बांधले आहे, आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीतले, 1613 सालचे हे काम. ठगांवर कादंबरी लिहिणारे मेडोज टेलर 1853 नंतर काही वर्षे इथे अधिकारी होते.

यंदा पाऊस उशिरापर्यंत लांबल्याने धरणावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळत होते. पायऱ्या उतरून आम्ही महालात शिरलो. खिडकीसमोर पाण्याचा पडदा, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि आपण मात्र कोरडे! भाची टाळ्या पिटत ओरडली, "अजून पाऊस पडू दे! अजून!"

आम्ही सगळे हसलो. दाजी तेवढे हसले नाहीत. "बेटा," ते म्हणाले, "सकाळचे आजोबा काय म्हणाले होते?"

पोर एकदम गप्प झाली. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी दगड रचून पाणी अडवले, त्याच्याशी खेळ मांडला. पण वरून येणारा ढग तेव्हाही कुणाच्या हाती नव्हता आणि आजही नाही.

परतताना आभाळ भरून आले. काचेवर चार थेंब पडले. गाडीत कुणीच बोलेना. रात्री भाचीने देवापाशी बराच वेळ हात जोडले. सकाळी उठल्याबरोबर, कॅलेंडरकडे न बघता, ती थेट अंगणात धावली.

अंगण कोरडे होते.