१३ आकड्याची तबकडी

कॅलिफोर्नियात मुलाकडे गेलेल्या आजोबांनी बारा वर्षांच्या नातवासाठी डिस्क गोल्फची तबकडी निवडली. या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान त्याच राज्यात १९७५ साली एड हेड्रिक यांनी उभारले. चेंडूऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्यांची टोपली, बाकी सारे गोल्फसारखेच.

लांब फेकीच्या तबकडीला ‘डिस्टन्स ड्रायव्हर’ म्हणतात. तिच्यावर बहुधा चार आकडे असतात: वेग, तरंगण्याची क्षमता, आरंभीचे वळण आणि अखेरचा उलटा कल. आजोबांनी फक्त पहिला पाहिला, तो १३ होता. उधारीवर माल देताना समोरच्याची ऐपत जोखण्यात ज्यांची हयात गेली, ते या वेळी नातवाच्या हाताची ऐपत पाहायला विसरले. हा आकडा फेकणाऱ्याकडून वेग मागतो. तो मिळाला नाही, तर उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकलेली तबकडी थोडे अंतर जाताच डावीकडे कलून खाली येते. शिवाय तिची कड दोन सेंटिमीटरहून रुंद, लहान बोटांच्या पकडीत न बसणारी.

आजोबांचे मन मोडू नये म्हणून नातू महिनाभर तीच फेकत राहिला. खांदा दुखू लागला, तेव्हा घरात कळले. आजोबा स्वतः दुकानात गेले आणि वेग ७ असलेली, १५० ग्रॅमची हलकी तबकडी घेऊन आले. पहिलीच फेक जुन्या खुणेच्या पुढे पडली.

जुनी तबकडी मात्र नातवाने परत करू दिली नाही. तिच्या पाठीवर शाईने आजोबांचे नाव लिहून त्याने ती पिशवीच्या तळाशी ठेवली आहे.