जीन्सचा पाय आणि आजोबांचे माड

सेमिनारचा विषय कसा निवडतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रात्री बारा वाजता, रूम पार्टनरला विचारून! माझा विषय होता ‘जिओटेक्स्टाइल ट्यूब : वाढती बाजारपेठ व औद्योगिक उपयोग’. नाव भारदस्त. बाजारपेठेचे तीन अहवाल मिळाले, तिघांत तीन वेगळे आकडे. मी सगळ्यात मोठा घेतला आणि त्याचा रंगीत आलेख काढला. पाचव्या स्लाइडला सरांनी थांबवलं.

‘‘बाजार वाढतोय, छान. पण ट्यूब भरल्यावर आतलं पाणी कुठे जातं?’’

‘‘सर... खाली.’’

वर्ग हसला. मेसमध्ये अजून हसतो आहे.

त्याच आठवड्यात हॉस्टेलची टाकी साफ केली आणि तळाचा गाळ बाहेर काढून ठेवला. म्हटलं, बघूच. जुन्या जीन्सचा एक पाय कापला, खालचं तोंड शिवलं, कपडे वाळवायच्या तारेला टांगला आणि वरून पातळ गाळ ओतला. खालून गाळच आला! मेसचे काका बघत उभे होते. म्हणाले, ‘‘अरे, तुरटी फिरव की!’’ खरंच, पावसाळ्यात आमची आजी हंड्यात हेच करते. तुरटी घातल्यावर बारीक कण एकमेकांना धरून गोळा झाले आणि कापडातून बऱ्यापैकी निवळ पाणी ठिबकायला लागलं. सकाळी तो पाय असा ताठ झाला होता की भिंतीला टेकवून उभा राहिला.

मोठ्या कामात हेच होतं, फक्त तुरटीच्या जागी बहुधा पॉलिमर असतं. पाणी कापडाच्या छिद्रांतून सगळ्या बाजूंनी बाहेर पडतं, घन भाग आत राहतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ओनोंडागा नावाचं सरोवर आहे. रासायनिक कारखानदारीमुळे त्याच्या तळाच्या गाळात पारा साठला होता. २०१२ ते २०१४ या काळात सुमारे १७ लाख घनमीटर गाळ उपसून नळाने अशा ट्यूबांत भरला, आणि झिरपलेलं पाणी शुद्ध करून सोडलं. खाणी, कागद गिरण्या, सांडपाण्याची केंद्रं ही ट्यूब का घेतात ते मला जीन्समुळे कळलं. ओला गाळ ट्रकने नेणं म्हणजे भाडं भरून पाणीच वाहून नेणं!

पण मी हा विषय घेतला होता तो खरं तर घरामुळे. आमचं घर कोकणात, समुद्राला लागून. माडांच्या तीन रांगा होत्या, आता दोन आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना पेंठाचा फोटो दाखवला. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातलं हे गाव. तिथला बांध समुद्र तोडत होता. आय.आय.टी. मद्रासच्या आराखड्यानुसार तिथे वाळूने भरलेल्या ट्यूबांची ५०५ मीटर लांबीची भिंत घातली, २०१६ मध्ये ती पूर्ण झाली. लांबून दगड आणण्यापेक्षा जागेवरची वाळू पाण्याबरोबर पंपाने भरायची. (उन्हाने हे कापड कमजोर होतं, टोकदार वस्तूने फाटतं, म्हणून त्यावर आवरण लागतं.)

आजोबांनी फोटो लांब धरून बघितला. ‘‘ही पिशवी आमचे माड वाचयतली काय रे?’’

पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. भिंत जिथे आहे तिथे जमीन धरून ठेवते, पण नवी वाळू आणत नाही. उलट भिंत संपते तिथे, शेजारच्या उघड्या किनाऱ्यावर, लाटा जास्त वाळू ओढतात. आणि आमच्या शेजारी बाबल्याकाकांचे माड. म्हणजे आमच्यापुरती भिंत घातली, तर तिकडची रांग आधी जाणार. हे आजोबांना सांगताना माझी जीभ जड झाली. गेली चाळीस वर्षं त्या दोघांची विहीर एक आहे.

आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन बाबल्याकाकांकडे गेले आणि दोघे मिळून मला हाक मारायला आले. टेप होतीच. पहिल्या माडाच्या बुंध्यापासून भरतीच्या खुणेपर्यंत मोजलं. एक टोक माझ्याकडे, दुसरं काकांकडे. आमच्याकडे १४ मीटर भरले, त्यांच्याकडे ९.

‘‘लिवन ठेव,’’ आजोबा म्हणाले. ‘‘फुडच्या दिवाळेक परत मोजूया.’’

सेमिनार मी पुन्हा दिला. रंगीत आलेख काढून टाकला, त्या जागी हे दोन आकडे घातले.