पहिल्या सत्राचा रोजमेळ

बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि पुढचा महिना-दीड महिना घरात एकच धांदल उडते. प्रवेशाच्या फेऱ्या, वसतिगृहाची चौकशी, गादी, बादली, खाकऱ्यांचे डबे. व्यापारी घरातील वडील या धांदलीत तरबेज असतात. माल कोठून कोठे, किती भाड्यात जाईल हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मुलगा पुण्याला किंवा मुंबईला पोहोचता होतो, खोलीचे डिपॉझिट भरले जाते आणि आई-वडील समाधानाने परत फिरतात.

ज्या गोष्टीची तयारी व्हायला हवी होती, ती मात्र त्या सामानात बहुधा नसते. शाळेत मुलाचा दिवस दुसऱ्यांनी आखलेला असतो. अकरावी-बारावीला आपल्या राज्यात कनिष्ठ महाविद्यालय असे नाव असले, तरी पुष्कळ मुलांची ती दोन वर्षे खासगी क्लासच्या बाकावरच सरतात, आणि मुलगा गैरहजर राहिला की संध्याकाळपर्यंत वडिलांच्या मोबाइलवर संदेश येतो. पदवीच्या वर्गात हे सारे एकाएकी थांबते. प्राध्यापक येतात, शिकवतात, निघून जातात. ७५ टक्के उपस्थितीचा नियम फलकावर लावलेला असतो, पण तो डोके वर काढतो सत्राच्या शेवटी. तोवर कोणी काही विचारत नाही. १८ वर्षांच्या मुलाला ही अवस्था आरंभी स्वातंत्र्यासारखी वाटते आणि काही आठवड्यांनी एकाकीपणासारखी.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी भुसाराची आडत असलेल्या कुटुंबातील मुलाची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. घराण्यातील पहिला सीए होण्यासाठी तो पुण्याला आला. सकाळी बी. कॉम.चे वर्ग, दुपारी चार ते सात सीए फाउंडेशनचा क्लास. मेसचे संध्याकाळचे ताट साडेसातला लागे. जुलैच्या आरंभी पुण्यात सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. म्हणजे त्याचा चौविहार पंधरा मिनिटांनी हुके. पर्युषण जवळ आले तेव्हा सूर्यास्त पावणेसातच्या आसपास सरकला होता, आणि त्या वेळी तो क्लासमध्ये वही उघडून बसलेला असे. पहिले आठ दिवस त्याने खाकरे आणि दुपारी आणून ठेवलेली फळे यांवर काढले. नवव्या रात्री भुकेने तो मेसमध्ये गेला आणि समोर आलेली बटाट्याची भाजी मुकाट्याने खाल्ली.

थोड्याच वेळात आईचा फोन आला. “जेवलास का रे वेळेवर?”

“हो.”

त्या ‘हो’ने आईचे समाधान झाले आणि मुलाच्या मागे एक काम लागले. आता ते ‘हो’ रोज सांभाळावे लागणार होते. मेसमध्ये कोणते ताट होते, सोबत कोण होते, असे पुढचे प्रश्न येऊ नयेत म्हणून फोन आखूड होऊ लागले. याच सुमारास क्लासमधील गणित आणि सांख्यिकी त्याला समजेनासे झाले होते. घरी असता तर रात्री जेवताना त्याच्या तोंडून ते आपसूक निघून गेले असते. इथे मात्र जेवणाचा विषयच टाळायचा होता, त्यामुळे त्याच्या आडोशाने पुष्कळ काही टळले. फाउंडेशनच्या परीक्षेत १०० गुणांचे चार पेपर असतात. प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के मिळाल्यावाचून उत्तीर्ण होता येत नाही. त्याला गणिताच्या पेपरात ३१ मिळाले. निकाल दिवाळीच्या सुमारास लागला. घरी त्याने सांगितले की निकाल लांबला आहे.

मुलगा वाईट संगतीला लागला नव्हता. पालक ज्यांना भितात ती सिगारेट, दारू, नको ती मैत्री यांतले काहीही त्याच्या वाटेला गेले नव्हते. पालकांची नजर त्या मोठ्या दारांवर असते; घराचा धागा सुटतो तो बहुधा एवढ्याशा फटीतून.

आडतीच्या गादीवर त्याचे वडील रोज रात्री गल्ला मोजल्यावाचून उठत नाहीत. ५० रुपये कमी भरले तरी ते त्याच रात्री रोजमेळात लिहिले जातात, कारण उद्यावर ढकललेली तूट पुढे सापडत नाही. मुनीम स्वतःहून “आज एवढे कमी आहेत” असे सांगतो तेव्हा त्याच्यावर कोणी ओरडत नाही. उलट त्याच्यावरचा विश्वास वाढतो. मुलानेही लहानपणापासून हे पाहिले होते. तरी आपली तूट त्याने लिहू दिली नाही. पेढीवर तूट म्हणजे तूट असते, पण घरात ती अब्रू होते, एवढे त्याला कळत होते. दुकानात येणारा प्रत्येक शेतकरी आणि हमाल वडिलांना विचारत असे, “पोरगा सीए कधी व्हायचा, शेठ?” आणि वडील हसून वर्षे मोजून सांगत. ते हसू मोडण्याचे धाडस त्याच्यात नव्हते.

जैन परंपरेने या अडचणीचा विचार फार पूर्वी केलेला आहे. प्रायश्चित्ताच्या प्रकारांत पहिले स्थान आलोचनेचे: झालेला दोष, झाला तसा, गुरूंपुढे सांगणे. सांगणाऱ्यापाशी सरळपणा हवा हे सर्वांना ठाऊक असते. ऐकणारा कसा असावा याचाही शास्त्राने तितक्याच बारकाईने विचार केला आहे, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते. आलोचना ऐकणाऱ्याच्या गुणांत एक गुण सांगितला आहे तो ‘अपरिस्रावी’ असण्याचा, म्हणजे ज्याच्यात ओतलेले बाहेर झिरपत नाही असे पात्र होण्याचा. आजच्या कुटुंबात हे पात्र कोणते? आईला सांगितलेले मावशीकडे जाते, मावशीकडून परिवाराच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, आणि तेथून सुरत-चेन्नईपर्यंत. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’चे शेकडो संदेश पाठवणाऱ्या घरात मुलाला आपले एक दुष्कृत सांगायला जागा नसावी, ही गोष्ट बोचणारी आहे.

या मुलाला जागा मिळाली ती चुलत बहिणीपाशी. ती पुण्यातच नोकरीला होती. दिवाळीहून परतल्यावर तो तिच्याकडे जेवायला गेला आणि ताटावर बसल्या बसल्या रडला. बटाट्यापासून ३१ गुणांपर्यंत सगळे तिने ऐकले. उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याला एवढेच विचारले, “काकांना तू सांगतोस की मी सांगू?” त्याने तिलाच सांगायला लावले, तेवढी सवलत तिने दिली. फोनवर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “कोणत्या पेपरात गेला?”

त्या प्रश्नाचे मोल मोठे आहे. लोक काय म्हणतील, एवढा पैसा घातला त्याचे काय, असे त्या क्षणी ओठावर आले नसेल असे नाही. पण तोट्याची खबर आल्यावर व्यापारी जे प्रथम विचारतो, तेच त्यांनी विचारले: कोणत्या मालात, किती? त्यानंतर पुढचे बोलणे सोपे झाले. गणितासाठी वेगळी शिकवणी लागली आणि पुढच्या प्रयत्नाचा अर्ज भरला गेला.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. मुलीला बाहेरगावी ठेवताना घरातील कोणी ना कोणी एक वाक्य बोलून जातेच: काही कमी-जास्त झाले तर सरळ घरी परत यायचे. बोलणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणारीला ती अट वाटते. रिक्षावाल्याने त्रास दिला, खोलीतल्या मैत्रिणीशी पटले नाही, एका विषयात एटीकेटी लागली, यांपैकी काहीही घरी सांगितले तर शिक्षणच थांबेल असा हिशेब ती करते, आणि तो चुकीचा असतोच असे नाही. ज्या घरात सत्याची किंमत एवढी जबर लावलेली असते, तेथे मुलगी गप्प राहिली तर तिला दोष देता येत नाही. तिला निरोप देताना वडिलांनी स्वतः, सर्वांसमक्ष, हे सांगून टाकावे की तू काहीही सांगितलेस तरी कॉलेज सुटणार नाही. हे एकदा बोलले की फिरवता येत नाही, म्हणूनच त्याला वजन आहे.

समाजातील पूर्वजांनी बोर्डिंगे काढली त्यामागे केवळ स्वस्त खोली आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण एवढाच विचार नसावा. मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये महावीर जैन विद्यालय उभे राहिले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेले कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकही झाले नाहीत, आणि तरी १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गुणपत्रिका पाहून हबकणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. अशा वसतिगृहांत गृहपती असे, वरच्या वर्गातील मुले असत. वडिलांना सांगता येत नाही ते सांगण्याजोगे वयाने मोठे माणूस त्याच छपराखाली सापडे. आज बहुतेक मुले तिघे-चौघे मिळून भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्यासाठी त्या शहरातील एक माणूस आधीच पाहून ठेवणे आवश्यक आहे, मग तो मामेभाऊ असो, आतेबहीण असो, की स्थानकात नियमित येणारे एखादे निवृत्त शिक्षक. मात्र त्या माणसाकडून दर रविवारी मुलाची खबर काढायची नाही. खबर काढली की तो कान राहत नाही, हेर होतो, आणि मुलांना ते पहिल्याच भेटीत कळते.

राहता राहिला नियमांचा प्रश्न. कंदमूळ आणि रात्रिभोजन यांविषयी घरोघरी हळहळ ऐकू येते. तेथे हे आठवावे की पच्चक्खाण ज्याचे त्याने स्वतः घ्यायचे असते, आणि श्रावकाची व्रते अणुव्रते म्हणून सांगितली आहेत ती त्याचा संसार, त्याची शक्ती ओळखूनच. घर सोडण्यापूर्वी आईने मुलाला शेजारी बसवून विचारावे की तुला तेथे काय काय पाळता येईल. चातुर्मासापुरते, तिथीपुरते, आठवड्यातील चार दिवसांपुरते, जे तो स्वतः सांगेल ते पुरे मानावे. त्या आडत्याच्या घरात आता तसे ठरले आहे. क्लास उशिरा सुटतो त्या दिवशी मुलगा रात्री जेवतो आणि आईला तसे सांगतो. आईला वाईट वाटते. पण ती आता साडेआठला फोन करते, आणि तो फोन बराच वेळ चालतो.

दिवाळीच्या सुट्टीत मूल पहिल्यांदा घरी येते तेव्हा सारा गाव दुकानात डोकावतो. त्याला पहिल्याच दिवशी गल्ल्यावर बसवू नये. दोन दिवस झोपू द्यावे, हवे ते खाऊ द्यावे. चोपडापूजनाला पाहुणे जमतील आणि त्यांतील कोणीतरी निकाल विचारीलच. तेव्हा उत्तर वडिलांनी द्यावे, आणि जे असेल ते खरे सांगावे.