पुरानंतरची जास्वंद



राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. दोन्ही वेळी पाणी ओसरल्यावर आमच्या भागात कितीतरी जास्वंदी आणि मोगरे 'मेले' म्हणून उपटून टाकले गेले.

माती ओली असूनही झाड मान टाकतं, कारण चिखलात मुळांना हवा मिळत नाही. अशा वेळी पाणी घालू नये, खतही नको. साचलेल्या पाण्याला वाट करून द्यावी. बुंध्याजवळचा गाळ हातानेच काढावा. चातुर्मासात कुदळ चालवली की मातीतले जीव मरतात आणि झाडाची उरलीसुरली मुळंही तुटतात.

मग फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघावी. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं असलं तर गेलेली. शेंड्याकडून खाली बघत यावं आणि हिरवं लागेपर्यंतच छाटावं. कुठेच हिरवं दिसलं नाही तरी महिनाभर थांबावं. कधी कधी बुंध्यातून फुटवा येतो.

वनस्पती हा एकेंद्रिय जीव, हे आपण पाठशाळेत शिकलो. पुरानंतर अंगण साफ करायला माणूस लावाल तेव्हा त्याला आधी एवढं सांगा : नख लावून बघितल्याशिवाय काही उपटायचं नाही.