घरात पडणारा पाऊस

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या जुन्या घरांत पाऊस थेट आत पडतो आणि त्याला कुणी गळती म्हणत नाही. कुंभकोणमहून रेल्वेने तंजावरकडे निघालं, की स्वामीमलैनंतर सुंदरपेरुमाळ कोयिल लागतं. पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळावरून नाव पडलेलं गाव. भोवती भात, ऊस, केळी. या पट्ट्यातल्या जुन्या घराची मांडणी ठरलेली. रस्त्याला लागून ओटा, म्हणजे तिण्णै. आत मधोमध उघडा चौक, तो मुट्रम. चारी बाजूंची कौलं आत उतरलेली. पावसाच्या धारा चौकात पडतात आणि माणसं भोवतीच्या सोप्यात कोरडी राहून आपापली कामं करत असतात.

घराबाहेर फारसं न पडणाऱ्या आजीलाही या चौकामुळे ऋतूंची बित्तंबातमी असते. ऊन कुठल्या खांबावर किती चढलं, यावरून तिला अयन कळतं. हे गाव जेमतेम अकरा अंश उत्तरेला. म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो; चौकाला तेव्हा भिंतीची सावलीच उरत नाही. आडी या तमिळ महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, कावेरीला येणारं पाणी तर दूर कोडगूच्या डोंगरांतलं, आपल्याच सह्याद्रीवर पडलेलं. ते मेट्टूरच्या धरणात अडतं आणि कालव्यांनी इथवर पोचतं. इथला स्वतःचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. म्हणजे एकाच घराला दोन पावसाळे: एक नदीतून येणारा, दुसरा चौकातून.

पण या चौकाचं नुसतं कौतुक करून भागत नाही. तो राबवून घेतो. शेवाळ घासावं लागतं, पन्हळीतला पाचोळा काढावा लागतो. वाळत घातलेल्या तांदळाच्या पापड्या, म्हणजे वडाम, उन्हामागे सरकवाव्या लागतात आणि ढग आले की धावत उचलाव्या लागतात. पहाटे दारात तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे रांगोळी, काढायचं. ते मुंग्या खातात. जेवणाआधी कावळ्याला घास ठेवायचा. ही सगळी कामं बहुतेक बायकांच्याच वाट्याला आली, हेही खरंच. पुष्कळ चौकांवर आता जाळ्या नाहीतर पत्रे आले, त्यामागे या कष्टांचाही हिशेब असणार. ते लावणाऱ्यांना नावं कशी ठेवावीत?

निसर्ग घरात आणायची दुसरीही एक रीत याच मुलुखाने पाहिली. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची सुरेख चित्रं काढवून घेतली. आज आपण मोबाइलवर जंगलं आणि धबधबे बघतो, ते त्याच रीतीचं स्वस्त रूप. पाहण्यात आनंद आहेच. पण चित्रातला पक्षी दाणे मागत नाही आणि पडद्यावरचा पाऊस वाळवण भिजवत नाही. ज्याचं आपल्यावाचून काही अडत नाही, त्याच्याशी ओळख होते; नातं जुळायला थोडी अडचण लागते.

घरूनच नोकरी, घरातच करमणूक, दारात आलेली भाजी: आपला दिवस आता चार भिंतींत जातो. फ्लॅटला चौक नाही आणि तो नव्याने करून घेताही येणार नाही. पण गॅलरी असेल तर ती काचांनी संपूर्ण बंद करू नका. सूर्य कुठल्या खिडकीत उगवतो, ते संक्रांतीला आणि आषाढात पाहून ठेवा. कुंडीतली तुळस असो, चिमण्यांसाठी टांगलेली भाताची लोंबी असो की पाण्याचं मातीचं भांडं, रोज हात लावल्यावाचून चालणार नाही असं एक तरी काम घरात ठेवा. आणि ते एकट्या आईवर सोडू नका.