ग्रेलिंगचे धनुष्यवाले

'बेअर आर्चरी' हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, अस्वलाच्या शिकारीवरून ठेवलं असणार. अमेरिका, जंगल, धनुष्यबाण... मग अस्वल आलंच! पण ते चक्क आडनाव निघालं. फ्रेड बेअर नावाच्या गृहस्थाचं. (पुढे त्याने खरीखुरी अस्वलंही मारली, तो भाग वेगळा.)

लेक आणि जावई डेट्रॉईटजवळ राहतात, म्हणून माझं मिशिगनला जाणंयेणं असतं. तिथे 15 नोव्हेंबर हा जवळजवळ सणच. त्या दिवशी बंदुकीने हरणं मारण्याचा हंगाम सुरू होतो आणि काही गावांत तर शाळांना सुट्टी असते. इतकी वर्षं शाळेत काढली, पण शिकारीची सुट्टी काही ऐकली नव्हती. धनुष्यवाल्यांचा हंगाम मात्र त्याच्या आधीच, 1 ऑक्टोबरला सुरू होतो. बंदूकवाल्याला लांबून नेम धरता येतो. धनुष्यवाल्याला हरीण वीसेक यार्डांवर येईपर्यंत झाडासारखं निश्चल बसावं लागतं. मी जन्माची शाकाहारी. इतक्या जवळून एखाद्या जिवावर बाण सोडण्यात काय सुख असेल, ते मला कधी कळणार नाही. कळून घ्यायचंही नाही. पण धनुष्य बनवणारी ती माणसं मात्र डोक्यात बसली, ती बसलीच.

फ्रेडचा जन्म 1902 सालचा, पेनसिल्व्हेनियातला. विशीत नशीब काढायला तो डेट्रॉईटला आला आणि पॅकार्ड मोटार कंपनीत लाकडाचे साचे करण्याच्या कामाला लागला. म्हणजे हात सुतारकामाचा. 1920च्या दशकाच्या अखेरीला त्याने एका चित्रपटगृहात आर्थर यंग या धनुर्धराचा अलास्कातल्या शिकारीवरचा चित्रपट पाहिला. पुढे यंगशी गाठ पडली आणि यंगने त्याला धनुष्य कसं तासायचं, दोरी कशी वळायची, बाण कसा करायचा हे शिकवलं.

मग मला प्रश्न पडला (मास्तरकीची खोड, दुसरं काय), की यंगच्या बरोबरीने शिकार करणारा कोण? तर त्याचा जोडीदार सॅक्स्टन पोप. हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतला सर्जन. आणि पोपला कुणी शिकवलं? पोपला शिकवलं इशीने.

इशी हा याही नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस. बाकीची जमात सोन्याच्या मागे आलेल्या गोऱ्यांनी मारून संपवली. 1911च्या ऑगस्टमध्ये तो एकटाच, उपाशी, ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्यापाशी सापडला. क्रोबर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणून ठेवलं. इशी हे त्याचं खरं नावही नव्हे. त्या शब्दाचा अर्थ नुसता 'माणूस'. आपलं नाव आपण सांगायचं नाही असा त्यांच्यात रिवाज, आणि ते सांगायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. शेजारच्या इस्पितळातल्या पोपशी त्याची मैत्री जमली. इशीने त्याला धनुष्य करायला शिकवलं, दबकत चालायला, वारा ओळखायला शिकवलं. 1916 साली इशी क्षयाने गेला. पोपने पुढे 1923 साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात इशीविषयी अतिशय प्रेमाने लिहिलं. अमेरिकेत या छंदाची लाट आली ती त्या पुस्तकाने.

इथवर वाचून मला बरं वाटत होतं. पण पुढचं वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. शवविच्छेदन करू नका, असं क्रोबरने न्यूयॉर्कहून कळवलं होतं. तरी पोप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते करवलं. इशीचा मेंदू काढून ठेवला गेला आणि नंतर क्रोबरनेच तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. तिथून तो त्याच्या आप्त जमातींच्या हाती परत आला 2000 साली. एकलव्याचा धडा मी वर्गात कितीदा शिकवला असेन. अंगठा मागणाऱ्या द्रोणाचार्यांवर मुलं दरवर्षी चिडायची. इथे तर शिष्यांनीच गुरूचं घेतलं, तेही न मागता.

असो. फ्रेडकडे वळू. 1933 साली, मंदीच्या ऐन भरात, तो काम करत होता तो कारखाना जळाला. तेव्हा त्याने चार्ल्स पायपर या मित्राबरोबर डेट्रॉईटच्या एका गॅरेजमध्ये धंदा सुरू केला. पोट भरायला मोटार कंपन्यांच्या जाहिराती छापायच्या आणि कोपऱ्यात हौसेखातर धनुष्यं. काही वर्षांनी दोघांनी वाटणी केली. छपाई पायपरकडे गेली, धनुष्यं फ्रेडकडे. भांडण वगैरे काही नाही. मला या पायपरचं फार कौतुक वाटतं. पोट भरणारा धंदा चालवत मित्राची हौस त्याने इतकी वर्षं सांभाळली, आणि आज त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.

तसाच नेल्स ग्रमली. 1940च्या दशकात कंपनीची उत्तम धनुष्यं हाताने घडवायचा तो हा कारागीर. त्यातल्या कितीतरी धनुष्यांवर कंपनीच्या जोडीला त्याचंही नाव असे. मालकाने कारागिराचं नाव मालावर घालू दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. 1947 साली फ्रेडने कारखाना उत्तरेला, ऑ साबल नदीकाठच्या ग्रेलिंग गावी नेला. तिथे लाकडाच्या पट्ट्यांवर काचतंतूंचे थर चिकटवून यंत्रावर धनुष्यं होऊ लागली. ती मोडत नसत, पाऊसपाण्याने बिघडत नसत आणि शेकड्यांनी तयार होत. ग्रमली 1948 साली बाहेर पडला. यंत्र आलं की असे हात बाजूला होतातच. यात फ्रेडला दोष द्यावा असं मला वाटत नाही. ती धनुष्यं साध्या पगारदार माणसालाही परवडू लागली, हेही खरंच.

गेल्या खेपेला आम्ही गाडीने ग्रेलिंगला गेलो. तीन-सव्वातीन तासांची वाट, दोन्ही बाजूंना पाईनची झाडं. लेकीच्या एका मैत्रिणीची आई तिथलीच. ऐंशी पार केलेल्या या बाई तरुणपणी कारखान्यात बाणांना पिसं चिकटवायच्या. माझं इंग्रजी बेताचं, पण पिसांपुरतं भाषेवाचून अडलं नाही. त्यांनी ड्रॉवरमधून टर्कीची पिसं काढली आणि माझ्या हातावर ठेवून दाखवलं. एका बाणाची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डाव्या पंखाचा बाक वेगळा, उजव्याचा वेगळा; सरमिसळ केली की बाण नीट फिरत नाही. मी दोन पिसं मुद्दाम उलटसुलट करून विचारलं, ओळखा पाहू. बाईंनी डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं आणि बरोबर सांगितलं.

1968 साली फ्रेडने कंपनी व्हिक्टर कॉम्प्टोमीटर या मोठ्या कंपनीला विकली, मात्र कारभार तोच पाहत राहिला. पुढे ग्रेलिंगला संप झाला आणि 1978 साली कारखाना उचलून फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला नेला. संप म्हटलं की आमच्या पिढीला 1982चा गिरणीसंपच आठवतो, म्हणून मी बाईंना विचारलं, संपात तुम्ही होता का? त्या हसल्या. म्हणाल्या, तो विषय काढला की या गावात अजून दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत.

फ्रेड मात्र पंचाहत्तरी उलटल्यावर कारखान्याबरोबर फ्लोरिडाला गेला आणि 1988 साली तिथेच वारला. त्याने जमवलेल्या जगभरच्या धनुष्यबाणांचं संग्रहालयही तिथेच होतं. तेही 2003 साली बंद झालं आणि सगळा संग्रह मिसुरीतल्या एका मोठ्या दुकानवाल्यांनी घेतला.

बाई गेन्सव्हिलला गेल्या नाहीत. नवऱ्याची नोकरी इथली, मुलं शाळेत. त्यांनी पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं आणि तिथूनच निवृत्त झाल्या. निघताना त्यांनी मला तीन पिसं दिली. तिन्ही डाव्या पंखाची.