राक्षसपार्टी

दादाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र घरी आलं, तेव्हा बाबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आपल्या घराण्यात ७५ टक्के आजवर कुणाला पडले नव्हते." कागदावर 'मध्यम बौद्धिक अक्षमता, ७५ टक्के' असं लिहिलेलं होतं. बाबा गेले, त्यांचा हा विनोद मात्र आमच्या घरात अजून चालतो.

दादा आता ४७ वर्षांचा आहे, मी ४४ वर्षांची. सात-आठ वर्षांची असताना मी त्याच्या पुढे निघून गेले, पण 'दादा' म्हणायचं काही सुटलं नाही. गल्लीत त्याला दादा म्हणणारी मी एकटीच. बाकी सगळ्यांना तो 'बाळ'. दाढी पांढरी झालेला बाळ. भाजीवाली त्याच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकताना "सांभाळून जा हं बाळा" म्हणते, आणि ती स्वतः फार तर पस्तिशीची असेल. सगळे प्रेमानंच बोलतात. काही जण तर आणखी एक पायरी वर चढतात: "देवमाणूस आहे हो तुमचा भाऊ. खोटं म्हणून ठाऊक नाही त्याला."

या देवमाणसाला गेल्या वर्षी रावणाचं काम मिळालं.

झालं असं की, आमच्या सांगलीत एका ताईंनी मोठ्या वयाच्या गतिमंद माणसांसाठी नाटकाचा वर्ग सुरू केला. मंगळवार आणि शनिवार, पाच ते सात, एका शाळेचा हॉल. मी दादाला तिथे नेलं ते नाटकासाठी नव्हे, खरं सांगायचं तर त्या दोन तासांसाठी. विशेष मुलांची शाळा अठराव्या वर्षी संपते. त्यापुढे नशिबानं मिळाली तर कार्यशाळा: पणत्या रंगवायच्या, कागदी पिशव्या चिकटवायच्या, दिवाळीला उटण्याची पाकिटं भरायची. तीही दुपारी संपते. बाबा गेल्यावर दादाची कायदेशीर पालक म्हणून माझं नाव लागावं, यासाठी मी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला होता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे हे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती करते. तिथल्या बाकावर बसलेल्या प्रत्येक आईबापाच्या तोंडी एकच वाक्य होतं: "आमच्यानंतर काय?" प्रश्न खराच आहे, आणि इतका मोठा आहे की त्याच्या सावलीत एक लहान प्रश्न राहूनच जातो. आज संध्याकाळी काय?

ताईंनी नाटक निवडलं 'सीतास्वयंवर'. सांगलीत दुसरं काय निवडणार! १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथेच, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं, 'सीतास्वयंवर' उभं केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन आम्ही सांगलीकर घरचं कार्य असल्यासारखा मिरवतो. त्यामुळे मला वाटलं, ताई आपल्या गावाच्या अभिमानाला हात घालताहेत. त्यांचा हिशेब वेगळाच होता, तो तालमी पाहताना कळत गेला.

भाव्यांच्या नाटकात आजच्यासारखी पाठ केलेली संहिता नव्हती. सूत्रधार आपल्या साथीदारांसह पूर्णवेळ रंगमंचावर उभा. तो पद्य म्हणून कथा पुढे न्यायचा; पात्रं त्यावर अभिनय करायची आणि प्रसंगाला सुचतील तशी चार वाक्यं बोलायची. आता हे आमच्या मंडळींच्या नजरेनं पाहा. एकाला लांब वाक्य पाठ होत नाही, एकीला पाठ होतं पण वेळेवर निघत नाही, एक जण फक्त कुणी गायलं तरच हलतो. आजच्या नाटकात यांना विंगेतून प्रॉम्प्टिंग करावं लागलं असतं, आणि प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांत गेला की नटाची नाचक्की ठरलेली. ताईंनी प्रॉम्प्टरला विंगेतून बाहेर काढून हातात झांज दिली आणि रंगमंचावर उभं केलं. ताई स्वतःच सूत्रधार झाल्या. आधार लपवायचं कारणच उरलं नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची पहिली मराठी नाटकं आमच्या मंडळींच्या मापाचीच शिवलेली निघाली. तुमच्या-आमच्या मापाचं नाटक नंतर आलं.

बाकीच्या युक्त्या बारक्या होत्या. कुणी कुठे उभं राहायचं ते जमिनीवर रंगीत खडूनं काढलेलं. एका मुलाला घंटेचा आवाज सहन होत नाही, तो कान झाकून खाली बसतो. म्हणून तिसरी घंटा नाही, तिच्या जागी टाळ. प्रयोगात प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवायचे नाहीत. कपड्यांची पेटी एका जुन्या नाटक मंडळीच्या घरातली, २०१९च्या महापुरात भिजलेली. तिच्यातला रावणाचा अंगरखा कितीही उन्हात घातला तरी त्याला नदीच्या गाळाचा वास यायचा.

भाव्यांच्या काळात राक्षसांची कामं करणाऱ्या नटांना राक्षसपार्टी म्हणत. तोंड रंगवून, तलवारी परजत 'अलल्लडुर्र' अशी आरोळी ठोकत ते प्रवेश करायचे. पुढे या नाटकांना चिडवताना लोक 'अलल्लडुर्र नाटकं' म्हणू लागले. ताईंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना ही आरोळी द्यायला लावली. दादाची पाळी आली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा अर्थ ओळखला, कारण ती नजर आमच्याच घरानं घडवली होती. "हळू बोल." "ओरडू नकोस, लोक बघतात." "शहाणा ना तू?" इतकी वर्षं आम्ही त्याचा आवाज कमी करत आलो होतो. मी मान हलवून 'हं' म्हटलं, तेव्हा कुठे तो ओरडला. पहिल्यांदा घशातच अडकलं. तिसऱ्यांदा खिडकीतली कबुतरं उडाली.

रावणाचा मुख्य प्रसंग कीर्तनातून आपण सगळे ऐकत आलोय तोच. रावण शिवधनुष्य उचलायला जातो, ते त्याच्या छातीवर पडतं आणि तो त्याखाली अडकतो. आमचं धनुष्य वेताचं, वर सोनेरी कागद. दादानं ते पहिल्या तालमीत एका हातानं उचललं आणि सांगितलं, "हलकं आहे." ताई म्हणाल्या, जड आहे असं दाखवायचं. दादा म्हणाला, "पण हलकं आहे." तीन आठवडे हेच. देवमाणसाला खोटं ठाऊक नाही, हे गल्लीचं प्रमाणपत्र मला तेव्हा खरं वाटू लागलं होतं. मग एका मंगळवारी ताईंनी विचारलं, "घरी गॅसचा सिलिंडर कोण उचलतं?"

"मी."

"रिकामा की भरलेला?"

"दोन्ही."

"हा भरलेला आहे."

दादा धनुष्याकडे बघत राहिला. मग त्यानं पाय फाकवले, गुडघ्यात वाकला, दोन्ही हात खाली घातले, आणि श्वास कोंडून धरला. मानेची शीर वर आली. वेताची ती काठी जमिनीपासून वीतभर उचलायला त्याला इतका वेळ लागला की शेजारी बसलेली माझी आई नकळत उठून हात द्यायला निघाली.

आपल्याकडे सोंग हा शब्द मोठा गमतीचा आहे. सोंग करतोय, म्हणजे लबाड आहे. आणि दशावतारात, लळितात सोंग येतं तेव्हा आपण हात जोडतो. दुसरं कुणी होता येणं ही माणसाची साधी मिरास. लहानपणी आपण सगळे दुकानदार झालो, मास्तर झालो, चोर-पोलीस झालो. दादाला मात्र आम्ही एकच सोंग दिलं होतं, निष्पाप बाळाचं, आणि ते त्याला उतरवू दिलं नव्हतं.

नाटकानं तरी कुठे दिलं? त्याच्यासारखी माणसं मराठी रंगमंचानं आणि पडद्यानं दाखवली आहेत. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'तला बच्चू अतुल परचुरे यांनी उभा केला. १९९१च्या 'चौकट राजा'त दिलीप प्रभावळकरांनी नंदू केला. दोन्ही पाहिल्यावर आमच्या घरात कुणाला जेवण गेलं नव्हतं. या नटांचं ऋण आम्ही मानतोच, कारण आमचं घर त्यांनी चार लोकांना दाखवलं. पण वाट एकाच दिशेची होती. नंदू होता येणं ही नटाची कसोटी. नंदूला रावण होता येईल का, हे कुणी विचारलं नव्हतं.

जगात ते विचारलं गेलंय, हे मला नंतर वाचून कळलं. पेरू देशातल्या लिमा शहरात 'तेआत्रो ला प्लासा' या संस्थेनं डाउन सिंड्रोम असलेल्या आठ नटनट्यांना घेऊन 'हॅम्लेट' केलं. जगावं की मरावं, हा प्रश्न ज्यांच्या जन्माच्या वेळी इतरांनीच परस्पर विचारला असेल, त्यांच्या तोंडून तो कसा ऐकू येत असेल! ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग गावी १९८७पासून 'बॅक टू बॅक थिएटर' आहे. तिथली नटमंडळी बौद्धिक अक्षमता असलेली किंवा मेंदूची घडण वेगळी असलेली, आणि नाटकं रचण्यात त्यांचाच वाटा. या संस्थेला २०२२ साली आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला, २०२४ साली व्हेनिसच्या बिएनालेत जीवनगौरवाचा सुवर्णसिंह. त्यांच्या २०११च्या एका नाटकात चक्क आपला गणपती आहे. हिटलरनं पळवलेलं स्वस्तिक परत आणायला तो जर्मनीला निघतो. त्या नाटकात आणखी एक नाटक आहे: ही कथा बसवणारी नटमंडळी आणि त्यांच्यावर दादागिरी करत जाणारा, स्वतः धडधाकट असलेला दिग्दर्शक. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय म्हणणारा माणूस कुठे हुकूमशहा होतो, हे ती मंडळी स्वतःच दाखवतात. हे वाचल्यापासून मी तालमीत ताईंकडे जरा रोखून पाहू लागले, आणि घरी स्वतःकडे.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. नातेवाईक, शेजारी, बँकेतले माझे सहकारी. टाळ्या पहिल्या मिनिटापासून सुरू. झाडाच्या फांद्या बांधलेला विदूषक आला, टाळ्या. गणपती आला, टाळ्या. सरस्वती खडूची खूण सोडून भलतीकडे गेली, त्यालाही टाळ्या. माझ्या मागची बाई प्रत्येक पात्राला "किती गोड" म्हणत होती. दादा आरोळी ठोकत आला, तेव्हा तीच म्हणाली, "अगं बाई, बाळ बघ." राक्षसालाही बाळ म्हणणाऱ्या या प्रेमापुढे काय करावं ते मला कळेना.

दादानं धनुष्य उचललं, ते छातीवर पडलं, तो आडवा झाला. आता राम येणार आणि धनुष्य उचलणार. राम येईना. विंगेत त्याच्या पितांबराची गाठ सुटली होती आणि ती तो स्वतःच बांधणार होता, आईला हात लावू देत नव्हता. ताईंनी पद्य पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मागच्या बाईनं "अरेरे" म्हटलं. दादा डोळे मिटून पडलेला. मग त्यानं एक डोळा उघडला, विंगेकडे मान वळवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"रामा, ये की लवकर. सिलिंडर भरलेला आहे!"

हॉल असा हसला की झांज ऐकू येईना. हशा दादानं जन्मभर ऐकलाय. वरातीत पोरं त्याला नाचायला लावून हसायची तो हशा, त्यानं "नमस्कार" ऐवजी "नमसार" म्हटलं की पाहुणे हसायचे तो. हा हशा त्याच्यावर आला नव्हता, त्यानं काढला होता. 'गोड'ला टाळी पडते. हशाला वेळ साधावी लागते.

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण दुसरा प्रयोग तासगावला होता. तिथे राम वेळेवर आला. दादानं पडल्या पडल्या त्याला हातानं थांबवलं, एक डोळा उघडला आणि सिलिंडरचं वाक्य घेतलं. हशा आला. तिसऱ्या प्रयोगात त्यानं तेच वाक्य दोनदा घेतलं. रामाची पद्यं बुडाली, बिचारा धनुष्य न मोडताच सीतेकडे गेला.

प्रयोग संपल्यावर मेकअपच्या खोलीत ताईंनी दादाला धरलं. "हशासाठी वाक्य घ्यायचं नाही. राम वेळेवर आला तर तुम्ही गप्प पडायचं. समोरच्या नटाचा प्रवेश खाल्लात तुम्ही आज." आवाज चढलेला होता. मी पुढे होणार होते, 'जाऊ द्या हो, त्याला काय कळतंय' हे वाक्य जिभेवर तयार होतं. मग माझ्या लक्षात आलं, ताई त्याला 'तुम्ही' म्हणत होत्या. चूक झाली म्हणून आम्ही दादाला समजावलंय, चुचकारलंय, कधी रागावून नंतर रडलोय. पण तुमचं काम चुकलं, असं त्याला कुणी सुनावलं नव्हतं. त्यासाठी आधी त्याचं काम आहे, हे मानावं लागतं.

आणि जिलाँगच्या नाटकातल्या दिग्दर्शकाची आठवण होऊन मी दादाच्या तोंडाकडे पाहिलं. अर्धा रंग पुसलेला, एक मिशी अजून चिकटलेली. तो घाबरला नव्हता.

"हशा आला होता की," तो म्हणाला.

"आला. नको तिथे आला."

"लोकांना आवडलं."

"रामाला विचारा आवडलं का."

दादा गप्प झाला. घरी परत येताना गाडीत एक अक्षर बोलला नाही. भडंगाचा पुडा पुढे केला, तोही घेतला नाही. रात्री आई त्याच्या कानामागचा राहिलेला रंग खोबरेल तेलानं काढत होती. तो बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिला आणि मग म्हणाला,

"ताईला नाटकातलं काही कळत नाही."

आई खुदकन हसली. माझ्या आजोबांनी हौशी नाटकांत कामं केली होती. तिसऱ्या अंकातली त्यांची पदं दिग्दर्शकानं कापली, तेव्हा तेही याच ओसरीवर बसून हेच म्हणाले होते, असं तिनं सांगितलं. मग तेलाची वाटी खाली ठेवून तिनं दादाला विचारलं, "शनिवारी जायचंय ना पण?"

"जायचंय," रावण म्हणाला.